महागडा गोली आणि मधली बाई

जपानात इतकी वर्षं काढून आलेल्या बाईकडून लोकांना काय ऐकायचं असतं, ते मला आता पाठ झालंय. चेरीचा बहर, मिनिटाचाही उशीर न करणाऱ्या गाड्या आणि हरवलेली पर्स जशीच्या तशी परत मिळाल्याची गोष्ट. संपादकांनीही फोनवर तेच सुचवलं. माझी पर्स जपानात एकदाच हरवली आणि ती काही परत मिळाली नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. मी म्हटलं, मी गोलीच्या पगारावर लिहीन. ते म्हणाले, "गोळीच्या?" म्हटलं, नाही हो, गोलीच्या, गोलरक्षकाच्या. मग म्हणाले, "बरं, लिहा. पण थोडी चेरी येऊ द्या."

चेरी येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

टीव्हीवर कुठलाही खेळ लागला की आमच्या घरात हा वाद निघतोच. एका माणसाला इतके पैसे द्यावेत का? जावई म्हणतो द्यावेत, व्याही म्हणतात देऊ नयेत, आणि दोघांनीही आयुष्यात कोणाला पगार दिलेला नाही. मला कोणी विचारत नाही. खरं तर त्या खोलीत या विषयातली अधिकारी व्यक्ती मीच असते. नव्वदच्या दशकात टोकियोजवळच्या एका कंपनीच्या हॉकी संघात मी तीन हंगाम दुभाषी होते. कॅनडाहून आणलेल्या महागड्या गोलीचं बोलणं जपान्यांना सांगायचं आणि जपान्यांचं त्याला, एवढंच माझं काम. त्याच्या पगाराच्या इतक्या जवळ दुसरं कोणी बसलेलं नव्हतं.

नोकरी मिळाली तीही गंमतच. माझे यजमान माधव एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, आणि आम्ही राहायला टोकियोतल्या ओजिमा भागात, सरकारी इमारतीत. मी पुण्यात हौसेनं जपानी शिकले होते आणि ती हौस आता भाजीवाल्याशी बोलण्यात वाया चालली होती. अशात 'हॉकी संघासाठी इंग्रजी-जपानी दुभाषी हवा' अशी जाहिरात दिसली. मुलाखतीत विचारलं, हॉकीबद्दल काही माहिती आहे का? मी छाती काढून सांगितलं, कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट-इन खेळायचे. समोरची तिन्ही माणसं एका सुरात "ओऽऽ" म्हणाली. कशावर खेळायचे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हॉकी ही गवतावर खेळतात यात सांगण्यासारखं काय आहे?

पहिल्या दिवशी मी सुती पंजाबी ड्रेस आणि कोल्हापुरी चपला घालून गेले. एक मोठा दरवाजा उघडला आणि आतून फ्रीजरसारखा गार झोत आला. समोर बर्फाची लादी, एखाद्या मंगल कार्यालयाएवढी. मी विचारलं, "मैदान कुठे आहे?" त्यांनी नम्रपणे त्या लादीकडे हात केला. कोल्हापुरी चपलेचं आणि बर्फाचं जमत नाही, हे त्या दिवशी माझ्या कमरेला समजलं.

शिवाय जपानीत हॉकीला 'होक्के' म्हणतात, आणि त्यातला शेवटचा ए लांबवला तरच तो खेळ होतो. आखूड ठेवला तर तो एक मासा होतो, भाजून खातात तो. मी कितीतरी दिवस आखूड ठेवत होते. खालच्या मजल्यावरच्या मोरिता आजींची खात्री होती की मी मासळीच्या कंपनीत लागलेय. आम्ही शाकाहारी हे त्यांना ठाऊक होतं. पोटासाठी बाईला काय काय करावं लागतं, म्हणून त्या मला मुळ्याचं लोणचं आणून द्यायच्या. मी त्यांना खरं सांगितलं, तेव्हा लोणचं बंद झालं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायात सुरीसारखं पातं लावलेले बूट, हातात काठी आणि चेंडूच्या जागी 'पक' नावाची रबराची कडक चकती. एका बाजूला सहा जण. त्यातले पाच घसरत पळतात आणि सहावा, अंगाला गाद्या-उश्या बांधून, तोंडावर जाळी घेऊन, गोलच्या दारात उभा राहतो. तो गोली. पक इतका जोरात येतो की मला तो तीन वर्षांत क्वचितच दिसला. लोक ओरडले की मीही ओरडायची.

आमची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवायची. खरीखुरी खोकी, हल्ली महाराष्ट्रात त्या शब्दाला जो अर्थ आलाय तो नव्हे. त्या अर्थाची खोकी फक्त ब्रेंटला मिळायची. ब्रेंट म्हणजे आमचा गोली. बाकीचे सगळे खेळाडू कंपनीचे साधे नोकर होते. सकाळी टाय लावून ऑफिसात बसायचं, दुपारी बर्फावर सराव करायचा. पगार नोकरीच्या वर्षांप्रमाणे. गोल मारणाऱ्याला तेवढाच पगार आणि डिंकाची पिंपं मोजणाऱ्यालाही तेवढाच. यावर कोणाची तक्रार नव्हती, निदान तोंडावर तरी.

ब्रेंटला आणलं सेकिने-बुचोंनी. बुचो म्हणजे विभागप्रमुख. तेव्हा जपानात पैसा उतू जात होता आणि कंपन्या परदेशातून चित्रं, घोडे आणि माणसं विकत आणत होत्या. सेकिने-बुचो कॅनडाला गेले आणि गोली घेऊन आले. त्याचा पगार कंपनीच्या अध्यक्षांपेक्षा जास्त होता. वर फ्लॅट, गाडी, पलंग (त्याच्या मापाचा पलंग देशात मिळेना, तो बनवून घेतला) आणि मी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातला प्रकार. हिशेबात मी पलंगाच्या खालच्या ओळीत होते. वैद्य हे आडनाव जपानी जिभेला झेपेना, म्हणून त्यांनी माझं 'बाइदिया-सान' केलं. त्यातला पहिला अर्धा भाग मला लागू पडत होता, म्हणून मीही सोडून दिलं.

ब्रेंट येण्याआधी गोलमध्ये उभे राहायचे ओकुमुरा-सान. ही गोष्ट खरं तर त्यांची आहे.

शाळा सुटल्यावर कंपनीनं त्यांना गोली म्हणूनच उचललं होतं. नोकरी सोमू विभागात. सोमू म्हणजे जे काम कोणाचंच नाही ते सगळं ज्यांचं, तो विभाग. गेलेली ट्यूब बदला, पाहुण्यांच्या सपाता लावा, कोणाचे वडील गेले तर सांत्वनाचे पैसे घालून द्यायच्या पांढऱ्या पाकिटाची व्यवस्था करा. अंगानं लहानखुरे, वय पस्तिशीच्या आसपास. खेळाडू म्हणून फार ग्रेट नव्हते आणि वाईटही नव्हते. ब्रेंट आला, कानामागून आला आणि तिखट झाला, आणि ओकुमुरा-सान बाकावर जाऊन बसले. ब्रेंटच्या स्वागताच्या जेवणात बुचोंनी त्यांच्या ग्लासात बिअर ओतत सांगितलं होतं, "तीन हंगाम. करार संपला की गोल परत तुझा." मी तिथेच होते. ते जपानीतून जपानीत होतं, त्यामुळे भाषांतराची चूक म्हणायलाही जागा नाही.

ओकुमुरा-सानना बाकी काही नको होतं. एकदा स्टेशनवर गाडीची वाट पाहताना म्हणाले, "पूर्वी कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी म्हणायचो, गोली आहे. खोकी, ट्यूबलाइट हे नंतर. आता कोणी विचारलं तर मला आधी विचार करावा लागतो." मग ओशाळे होऊन हसले. परक्या बाईशी इतकं बोलल्याबद्दल माफी मागितली आणि पुढच्या डब्यात जाऊन बसले.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं समजायचं नाही. प्रत्येक मॅचनंतर हान्सेइकाइ असायची. म्हणजे आपापल्या चुका कबूल करायची बैठक. हरलात तरी कबूल करा, जिंकलात तरी करा. सगळे गोल बसायचे, एकेक जण उठून म्हणायचा, मी कमी पडलो, माफ करा. बाकावर बसून राहिलेले ओकुमुरा-सानही उठायचे आणि म्हणायचे, "बाकावरून माझा आवाज पुरेसा पोचला नाही. माफ करा." मग ब्रेंटची पाळी यायची.

ब्रेंट मनाचा सरळ माणूस. पण माफी मागणं ही वस्तू त्याच्या सामानात नव्हती. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "मला पक दिसला होता. माझ्या समोरचे दोघं झोपले होते, ते मात्र मला दिसले नाहीत." वीस-पंचवीस माना माझ्याकडे वळल्या. मी मध्ये उभी. एकीकडे अध्यक्षांपेक्षा महाग माणूस, दुसरीकडे ज्यांनी मला चपलांसकट नोकरी दिली ते लोक. मी जपानीत म्हटलं, "मी अजून कच्चा आहे. समोरच्या सहकाऱ्यांशी माझा संवाद कमी पडतो. कृपया मला सांभाळून घ्या."

खोलीत पसरलेलं समाधान बघण्यासारखं होतं. झोपलेले दोघं तर गहिवरले. बुचो म्हणाले, "बुरेन्तो-सान इतके मोठे खेळाडू, तरी पाहा."

झालं, तेव्हापासून मी त्याच्या प्रत्येक वाक्याला तूप लावून वाढायला लागले. तो म्हणायचा, "यांना पास देता येत नाही." मी म्हणायची, "पास घेताना मी गडबडतो." तो म्हणायचा, "हा सराव नाही, मिरवणूक आहे." मी म्हणायची, "सर्वांची शिस्त पाहून मी भारावलोय." उलट दिशेनं जातानाही तूप लागायचंच. बुचो दहा मिनिटं ऋतूबद्दल, आभाराबद्दल बोलायचे आणि मी ब्रेंटला सांगायची, "उद्या नऊला ये." दुभाषी म्हणजे दोन भाषा येणारी व्यक्ती, असं लोकांना वाटतं. तसं नाही. दोन घरांत भांडण होऊ न देणारी मधली बाई म्हणजे दुभाषी. या कामात मी तरबेज होते, आणि ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही. फक्त एकच माणूस, ब्रेंट बोलत असताना खाली मान घालून गालात हसायचा. ओकुमुरा-सान. मला वाटायचं, ते स्वभावानंच हसरे असावेत.

तर, गोली कसा होता? अप्रतिम होता. हे मान्य करायलाच हवं. पडून, उडून, पाय फाकवून, कसाही तो पक अडवायचा. वर्तमानपत्रं त्याला भिंत म्हणायची. आणि संघ? संघ खालून दुसरा. ब्रेंट येण्याआधीही आम्ही खालून दुसरेच होतो, पण तेव्हा ते स्वस्तात होतो. पूर्वी चार-तीननं हरायचो, आता एक-शून्यनं हरायला लागलो. हार मात्र नेटकी दिसायची.

कारण सोपं होतं. गोलच्या दारात एवढा मोठा माणूस उभा आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी मागे धावायचं सोडून दिलं. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "बुरेन्तो आहे ना." समोरचा संघ पक घेऊन सुटला की आमचे दोघं बचावपटू वळून बघायचे, आज ब्रेंट कुठल्या बाजूला उडी मारतो ते. तिकीट न काढता इतक्या जवळून कोणाला बघायला मिळतं? आणि जितका समोरून मारा जास्त, तितकं याचं अडवणं जास्त, तितकं नाव मोठं. संघ गाळात आणि गोली पेपरात. माधवला मी हे सांगितलं, तर तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, कुंपणावर सगळा पैसा घातला, पेरायचं राहिलं." माझ्या नवऱ्याला खेळातलं काही कळत नाही, पण हे त्याला बरोबर कळलं होतं. शेवटी मॅच जिंकायला एक तरी गोल मारावा लागतो, आणि मारणाऱ्यांना नव्या काठ्या द्यायला पैसे उरले नव्हते.

मग जपानच्या तेजीचा फुगा फुटला. ऑफिसात 'रिसुतोरा' हा नवा शब्द आला. इंग्रजी रिस्ट्रक्चरिंगचं शेपूट तोडून केलेला. अर्थ असा, की वरच्यांनी केलेल्या खर्चाची भरपाई खालच्यांनी करायची. आधी बिस्किटं गेली, मग एकाआड एक ट्यूबलाइट. खर्च कुठे कमी करता येईल, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. सगळ्यात मोठा खर्च बैठकीत माझ्या शेजारीच बसलेला असायचा, एकशे नव्वद सेंटिमीटर उंचीचा. पण तो करारानं बांधलेला, त्याला कोण हात लावणार? कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं: इतका भारी गोली असताना दुसरा हवाच कशाला?

तिसरा हंगाम अर्धा झाला होता, तेव्हा ओकुमुरा-सानची बदली कोबेला झाली. बंदराजवळच्या गोदामात. राखीव गोली म्हणून कागदावर एका फॉरवर्डचं नाव घातलं, त्यानं शाळेत असताना कधीतरी पॅड बांधले होते म्हणे. निरोपाच्या वेळी बुचो ओकुमुरा-सानना म्हणाले, "थोडेच महिने. मार्चमध्ये करार संपतो. मी बोलावून घेतो." ओकुमुरा-सान वाकले आणि म्हणाले, "वाट पाहतो." बाकीचं सामान कुरिअरनं पाठवलं, पण गोलीचे पॅड त्यांनी स्वतः उचलून गाडीत नेले. त्या मोठ्या बोचक्यामुळे डब्याच्या दारात अडकले आणि मागच्या प्रवाशांची माफी मागत राहिले.

हंगामाची शेवटची मॅच जवळ आली. त्या दिवशी टोकियोहून खुद्द सेन्मु, म्हणजे अध्यक्षांच्या खालोखालचे संचालक, बघायला येणार होते. ब्रेंटचा करार वाढवायचा की संपवायचा, ते मॅचनंतर तिथेच ठरणार होतं. वाढवणार नाहीत, हे सगळ्यांनी धरलेलं होतं. ट्यूबलाइटसाठी पैसे नसलेली कंपनी इतका महाग गोली कशाला ठेवेल? ओकुमुरा-सान तर कोबेच्या गोदामात दुपारच्या सुट्टीत पॅड बांधून भिंतीवर चेंडू मारून घेत होते, असं तिकडचे लोक हसत हसत सांगायचे.

मॅचच्या तीन दिवस आधी ब्रेंटची कंबर धरली. बर्फावर नाही. जपानात जुन्या वर्तमानपत्रांचा कचरा वेगळ्या वारी, सुतळीनं नीट बांधून ठेवायचा असतो. तीन वर्षं शेजारणीची बोलणी खाल्ल्यावर ब्रेंटनं त्या दिवशी पहिल्यांदा तो नियम मनापासून पाळायचं ठरवलं. स्वतःचे फोटो छापलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला, उचलला, आणि तिथेच बसला. जी कंपनी रद्दीच्या लगद्यावर जगते, तिच्या गोलीला रद्दीनंच आडवं केलं. तो कागदावरचा राखीव गोली बातमी ऐकून इतका पांढराफटक पडला, की त्यालाच आधी खुर्ची द्यावी लागली.

बुचोंनी मला बोलावलं. "बाइदिया-सान, ओकुमुराला फोन तुम्ही कराल का? तुमची आणि त्याची चांगली ओळख आहे." जपानी माणसाला जपानी माणसाशी बोलायला दुभाषी लागली, ती ही एकच वेळ. मी फोन केला. ओकुमुरा-सान आधी मला सांगत बसले की गोदामाशेजारी एका भारतीय व्यापाऱ्याचं दुकान आहे आणि तिथे आल्याचा चहा मिळतो. मी मध्येच तोडून विचारलं, याल का? पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सोमवारी मालाची मोजणी आहे. रविवारी परतलो तर चालेल."

शनिवारी ते तेच बोचकं घेऊन आले आणि गोलमध्ये उभे राहिले. ब्रेंटच्या तुलनेत गोल एकदम मोठा दिसायला लागला. दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा. ब्रेंट कमरेला पट्टा बांधून माझ्या शेजारी बसला होता. मॅच सुरू झाली आणि मी पहिल्यांदाच पक नीट पाहिला, कारण तो आमच्या गोलपर्यंत पोचतच नव्हता. 'बुरेन्तो आहे ना' म्हणायची सोय उरली नव्हती. पाचही जण जीव तोडून मागे पळत होते. ते झोपणारे दोघं पक अडवायला बर्फावर आडवे पडत होते, एकाचा ओठ फुटला तरी उठेना. ब्रेंट डोळे बारीक करून बघत होता. मग म्हणाला, "हे लोक कोण आहेत? मी यांना कधी भेटलेलो नाही."

ओकुमुरा-सानच्या पायांमधून एक गोल गेला. त्यांनी मान खाली घातली. बचावपटू जाऊन त्यांच्या डोक्यावर, म्हणजे हेल्मेटवर, थापट्या मारून आला. शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी जे अडवलं ते मात्र खरोखर अडवलं. एकदा छातीनं, एकदा चक्क जाळी बांधलेल्या तोंडानं. आम्ही दोन-एकनं जिंकलो. मी ओरडले आणि या वेळी मला माहीत होतं मी कशासाठी ओरडतेय.

मॅच संपल्यावर रिंकच्याच बैठकीच्या खोलीत सेन्मु, बुचो, ब्रेंट आणि मी. दाराशी ब्रेंटनं माझा हात धरून थांबवलं. म्हणाला, "हे बघ, मला जपानी येत नाही, पण मी बहिरा नाही. मी तीन शब्द बोलतो आणि तू तीस बोलतेस. आज तसं नको. जे बोलीन तेच सांग, शब्दाला शब्द." म्हटलं, सांगते.

तो उभा राहिला, कंबर धरून. म्हणाला, "तुम्ही माझ्यावर पैसे वाया घालवलेत. मी असलो की हा संघ धावत नाही. आज जो गोलमध्ये होता तो या संघासाठी माझ्यापेक्षा चांगला आहे. गोल त्याला द्या. माझा पगार बाकीच्यांवर खर्च करा."

मी शब्दाला शब्द सांगितलं. एक थेंब तूप नाही. सांगताना तीन वर्षांत पहिल्यांदा मला आपण खरी दुभाषी आहोत असं वाटलं.

सेन्मुंनी चष्मा काढला. डोळे पुसले. बुचोंकडे वळून म्हणाले, "सेकिने-कुन, असा नम्र माणूस आज आपल्याकडे, जपान्यांतही राहिला नाही." बुचो म्हणाले, "पहिल्या दिवसापासून असेच आहेत. प्रत्येक हान्सेइकाइत. बाइदिया-सानना विचारा." सेन्मु म्हणाले, "आणि आज त्या राखीव मुलानं जे केलं, ते कोणाकडे बघून शिकला? तीन वर्षं अशा माणसाच्या मागे बसला, म्हणून ना? पैसा वसूल झाला की."

मी घाईघाईनं म्हटलं, नाही हो, हे ते नम्रतेनं म्हणत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. सेन्मु माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. "खरी नम्रता तीच, बाइदिया-सान. मनापासूनची."

करार दोन हंगामांनी वाढला. पगारही वाढला. ब्रेंटनं मला विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. त्यानं इंग्रजीत एक शब्द उच्चारला. तो कोणी मला भाषांतर करायला सांगितला नाही हे बरं झालं. आणि पुढे त्यानं सहीही केली. का नाही करणार? घरी दोन मुलं, वर दुखरी कंबर, आणि एवढा पगार त्याला दुसरं कोण देणार होतं? त्याला नावं ठेवायला मी जाणार नाही.

ओकुमुरा-सानना सांगायला बुचो गेले नाहीत. त्यांनी मला मिठाईचा एक मोठा डबा दिला आणि म्हणाले, रविवारी सकाळी टोकियो स्टेशनवर त्याला पोचवून या, म्हणावं फार चांगला खेळलास. जाताना डबा इतका जड वाटत होता की मी दोनदा हात बदलला.

फलाटावर ऊन पडलं होतं. ओकुमुरा-सान बोचक्यावर हात ठेवून उभे होते, हनुवटीला पट्टी लावलेली. मी डबा दिला. डब्याचा आकार बघूनच त्यांना सगळं समजलं. जपानात चांगली बातमी एवढ्या मोठ्या डब्यातून येत नाही. तरी मी सगळं सांगितलं. सेन्मु काय म्हणाले, बुचो काय म्हणाले. शेवटी ते म्हणाले, "आणि बुरेन्तो-सान? ते खरं काय म्हणाले? इंग्रजीत सांगा."

मी इंग्रजीत, जसंच्या तसं सांगितलं. 'माझ्यापेक्षा चांगला आहे' हे वाक्य त्यांनी मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. ते ऐकताना त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना इंग्रजी कळतं. आजचं नाही, पहिल्यापासून.

गाडी फलाटाला लागली. ओकुमुरा-साननी बोचकं उचललं, डबा काखेत मारला आणि अगदी हळू, दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाले, "बाइदिया-सान, तीन वर्षं तुम्ही त्यांचं प्रत्येक वाक्य बदलून सांगितलंत. मी ऐकत होतो, मला आवडायचं. काल एकदाच आणखी बदललं असतंत तर? नुसतं म्हटलं असतंत, की हा माणूस जास्त पैसे मागतोय."

त्यांनी मला खाली वाकून, नीट, कमरेतून नमस्कार केला. म्हणाले, तुम्हाला फार त्रास दिला, मीच अजून कच्चा आहे. आणि गाडीत चढले. ती नम्रता होती की दुसरं काही, हे इतकी वर्षं भाषांतराचा धंदा करूनही मला ठरवता आलेलं नाही.